पिप्यातली वाळू

सेलूच्या जिनिंगच्या आवारात कासाबाई कोण असं विचारलं, तर कुणी पटकन सांगायचं नाही. "ती पानी वतलेली" म्हटलं की मात्र दहा बोटं मागच्या पत्र्याच्या शेडकडे वळायची. सहा वर्षं बाईला हेच नाव होतं. सकाळी आठला ती लेथचा पट्टा चढवायची, फवारणीच्या पंपांची तडकलेली खोकी दिवसभर सांधायची, आणि ज्याचं खोकं सांधून दिलं तोच समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन म्हणायचा, पानी वतलेलीकडून आणला. पंप पाठीवर नीट बसायचा, पण जिभेला हाड नसायचं.

तिनं पाणी ओतलं होतं, हे खरं. त्यात नवऱ्याचे डोळे गेले, हेही खरं. त्यापुढं जे खरं होतं ते फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक कासाबाई, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. दुसरा तिचा नवरा येडबा, आणि तो तोंड उघडत नव्हता. कासाबाईला त्याच्याकडून एक वाक्य हवं होतं, चार माणसांत, मोठ्यानं. दुसरं काही तिनं त्याच्याकडं कधी मागितलं नाही.

दोघंही मेंढरांच्या घरातली. तिचा बाप येलदरीच्या धरणाच्या कडेकडेनं कळप फिरवायचा, याचं घर बोरीकडचं. येडबाला मेंढरांचा कंटाळा. तो लग्नानंतर सेलूला आला, माणिकरावांच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेल घालायच्या कामाला लागला आणि बघता बघता तिथल्या जुन्या लेथवर बसला. कासाबाई त्याच जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायची. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात नाही. पण उंबऱ्याच्या आत आला की तोंडाला कुलूप. आज काय केलं म्हटलं तर "काम केलं." यंत्र कसं चालतं म्हटलं तर "तुला काय करायचंय." अशा माणसाला लोक शांत म्हणतात. कासाबाई त्याला काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणाच्या तोंडावर नामांतरावरून मराठवाडा पेटला. जिनिंगचा हंगाम नव्हता, म्हणून कासाबाई गावाकडं सासूजवळ होती. एका दुपारी, सासरा घरात नसताना, शेजारच्या वाडीतून धूर निघाला. गावकुसाबाहेरची घरं जळत होती. त्यातलं एक घर कमलबाईचं, जिच्या जोडीनं कासाबाई दोन वर्षं कापूस वेचत आली होती. कासाबाई विहिरीवर होती. तिनं भरलेली घागर उचलली आणि वाडीच्या वाटेला लागली. वाटेवर गावातले बाप्ये उभे होते, हाताची घडी घालून, जत्रेतली कुस्ती बघावी तसे. सासू भिवराबाई मागून धावत आली आणि तिनं सुनेचं मनगट धरलं.

"खाली ठिव," म्हणाली. "आपल्याला ऱ्हायाचंय हितं."

कासाबाईनं घागर खाली ठेवली. घरं सगळी जळाली. कापसाच्या एका गंजीला ठिणगी लागली तर अख्खं सेलू घागरी घेऊन धावतं. इथं माणसांची घरं जळत होती आणि विहीर पन्नास पावलांवर होती. पुढं हंगाम सुरू झाल्यावर कमलबाई कामावर आली. तेव्हा कासाबाई तिच्यापुढं बसली आणि म्हणाली, "म्या घागर उचलली व्हती. मंग खाली ठिवली." कमलबाईनं वर बघितलं नाही. "बघितलं म्या," एवढंच म्हणाली. त्यातून काही सुधारलं नाही, कमलबाईचं घर परत उभं राहिलं नाही. पण कासाबाईला एक कळलं, की आपला कसूर आपल्या तोंडानं सांगता येतो. जीभ झडत नाही.

वाडी जळाली त्याच आठवड्यात इकडं सेलूत येडबाकडून एक चूक झाली. सरकी काढणाऱ्या रुळाचा दांडा लेथवर लावला की त्याचं एक टोक फिरत्या चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरतात आणि दुसऱ्या टोकाला पोलादाचा एक टोकदार खुंटा टेकवतात. त्याला सेंटर म्हणतात. दांडा फिरतो, सेंटर जागेवर राहतं, म्हणून त्या टोकाला सारखं ग्रीस द्यावं लागतं. बाजार बंद, ग्रीसचा डबा रिकामा, आणि माणिकरावांना दांडा हवा होता. येडबानं कोरडाच चालवला आणि बंदची खबर ऐकायला फाटकापर्यंत गेला. परत येईस्तोवर सेंटर किंचाळून किंचाळून लाल झालं होतं. त्यानं धावत यंत्र थांबवलं. गार झाल्यावर बघतो तर दांडा आणि सेंटर एकजीव. त्यानं घण घातला. दांडा वाकला, शेवटी दुसरीकडंच तुटला, सांधा हलला नाही.

माणिकराव जे बोलायचं ते बोलले. येडबा मात्र त्या तुकड्याकडं बघत बसला. आग नाही, सळई नाही, लोखंड वितळलं नाही. नुसतं घासून घासून मऊ झालं आणि दाबल्यावर एकमेकांत शिरलं. पुढची पाचसहा वर्षं त्यानं ह्याच गोष्टीच्या मागं घालवली. जिनिंगचे मोडलेले दांडे तो घासून सांधायला लागला. एक तुकडा चकात फिरता, दुसरा समोर घट्ट, दोघांची तोंडं एकमेकांवर दाबायची, नेमक्या क्षणाला फिरणं थांबवायचं आणि आणखी जोर द्यायचा. मानवत-जिंतूरपर्यंत "येडबाचा सांधा" म्हणून नाव झालं. कासाबाईला हे सगळं कवडी वेचणाऱ्या बायकांकडून कळलं. नवऱ्यानं घरी चकार शब्द काढला नव्हता.

जिनिंगमध्ये मजुराला पहिल्या दिवशी मुकादम एकच गोष्ट शिकवायचा. आग दिसली की विचारायचं नाही, पाणी टाकायचं. आवारात हौद होता, हौदावर घागरी पालथ्या ठेवलेल्या असायच्या. ब्याऐंशीच्या मार्गशीर्षात गंजीला आग लागली तेव्हा सगळ्यात आधी पोचली ती कासाबाई. तिनं अकरा घागरी ओतल्या. माणिकरावांनी तिला सगळ्यांसमोर लुगडं दिलं आणि म्हणाले, बाई असावी तर अशी. लोकांनी मान डोलावली. पुढं ह्याच लोकांनी तिला नाव ठेवलं.

मग पंप आले. कापसावर पांढरी माशी पडली तसे शेतकरी पाठीवरचे पेट्रोलचे पंप घ्यायला लागले. माणसानं पाठीवर वागवायचा म्हणून त्याचं इंजिनाचं खोकं अगदी हलक्या धातूचं केलेलं, मॅग्नेशियमचं. हातात घेतलं तर पत्र्याचं आहे की कागदाचं, असं वाटायचं. हलकं होतं तसंच नाजूक. बांधावरून पाय घसरला, पंप आपटला, की खोक्याला तडा. गॅस वेल्डिंगवाल्या पंडितनं पहिल्या खोक्याला ज्योत लावली आणि खोक्याचा एक कोपराच पेटला, डोळे दिपतील असा पांढरा. पंडितनं ते मातीत फेकलं आणि पुन्हा त्या धातूला हात लावणार नाही म्हणून कानाला हात लावले.

येडबाला तेच हवं होतं. ज्याला आग चालत नाही, ते घासून सांधायचं. पण खोकं काही चकात धरून गरागरा फिरवता येत नाही. तेव्हा त्यानं उलटं केलं. तुटलेल्या ड्रिलच्या पोलादाची बोटाएवढी खुंटी घासून चकात धरली आणि खोकं लेथच्या सरकत्या पाटाला बोल्टांनी आवळलं. खुंटी फिरत फिरत तड्यात शिरते, भोवतालचा धातू कणकेसारखा मऊ होतो, वितळत मात्र नाही. मग पाट हळूहळू सरकवायचा. खुंटी रवीसारखी धातू घुसळत तड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि मागं तडा उरत नाही. एकच नियम. मध्ये थांबायचं नाही. मध्ये फिरणं थांबलं की खुंटी आतच धरली जाते, त्या सेंटरसारखी, आणि खोकं गेलं.

सांध्यावर उरलेली खडबड नंतर कापून काढावी लागायची. त्याचा पांढरा, केसासारखा चुरा लेथखाली साठायचा. पंप विकणारे नागनाथअप्पा एक दिवस पंपासोबत आलेला इंग्रजी कागद घेऊन आले आणि त्यांनी तो येडबाला समजावून सांगितला. हा चुरा पेटतो. पेटला तर पाणी अजिबात टाकायचं नाही, पाण्यानं तो फुटतो. कोरडी वाळू टाकायची. येडबानं त्याच दिवशी दुधना नदीची वाळू आणली, उन्हात वाळवली आणि एका पिप्यात भरून लेथशेजारी ठेवली. पंडितला सांगितलं. माणिकरावांना सांगितलं.

कासाबाई दुपारची भाकर घेऊन शेडमध्ये आली तेव्हा तिला पिपा दिसला.

"ह्या पिप्यात वाळू कशाला?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय," येडबा म्हणाला. "भाकर ठिव अन् जा."

तिनं भाकर ठेवली आणि गेली.

सत्याऐंशीचा चैत्र. दुपारी ती भाकर आणि पाण्याची कळशी घेऊन शेडच्या दाराशी आली. येडबा सहाणेच्या चाकावर हत्यार घासत होता. ठिणग्या उडत होत्या, त्यातली एक खालच्या चुऱ्यात गेली. कासाबाईनं बघितलं ते एवढंच, की नवऱ्याच्या पायाशी पांढरा जाळ उठलाय आणि तो खाली वाकलाय. तो वाळूच्या पिप्याकडं वाकला होता. तिला वाटलं तो पडतोय. तिच्या डोळ्यापुढं काय आलं ते तिलाच माहीत, पण विहिरीवर खाली ठेवलेली घागर त्यात होतीच. ह्या वेळी तिनं खाली ठेवली नाही. अख्खी कळशी जाळावर रिकामी केली.

फटकन आवाज झाला आणि जाळ छपराला लागला. जळता धातू येडबाच्या तोंडावर उडाला. कासाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पंडित धावत आला, त्यानं पिपा उचलला आणि वाळू पसरली, तेव्हा जाळ गुपचूप बसला. वाळूनं आग विझते हे कासाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा बघितलं.

परभणीच्या दवाखान्यात महिनाभर काढून येडबा परत आला तो आंधळा होऊन. आणि गावाला गोष्ट मिळाली. करायला गेली एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सोडून देतील तर ते लोक कसले. चहाच्या गाड्यावर, हौदावर, बाजारात, सगळीकडं तेच. अडाणी बाई. नवऱ्याचे डोळे खाल्ले. भिवराबाई गावाकडून आली आणि उंबऱ्यावर बसून छाती पिटून घेतली. "माज्या लेकाची जोत मालवली हिनं," म्हणाली. येणारा जाणारा येडबाजवळ बसायचा, हळहळायचा आणि म्हणायचा, बाईमाणसाला काय कळतंय. येडबा ऐकून घ्यायचा. कधी हो म्हणाला नाही, कधी नाही म्हणाला नाही. नुसता बसायचा, पट्ट्या बांधलेलं तोंड भिंतीकडं करून.

पहिले काही महिने कासाबाईला वाटलं, दुखणं आहे, सांगेल पुढं. मग वाटलं, उद्या सांगेल. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. ती भांडी घासताना पुटपुटायची, झाडताना पुटपुटायची. इचारलं व्हतं म्या. तोंड उघडून इचारलं व्हतं. एकदा तिनं त्याला सरळ म्हटलंही, "सांगत कामून न्हाई तुमी लोकास्नी?" तो म्हणाला, "सांगून काय डोळे यायलेत का?" त्याचे येणार नव्हते, पण हिचं नाव परत आलं असतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यानं सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग तूच तुझे डोळे घालवलेस का. ते ऐकण्यापेक्षा बायकोला बोललेलं ऐकणं त्याला सोपं होतं.

कमलबाई एकदाच बोलली. हौदावर दोघीच होत्या. म्हणाली, "ते पानी माज्या घरावर टाकायचं व्हतंस." कासाबाईनं मान खाली घातली. गावानं केलेल्या सगळ्या आरोपांतला हा एकच तिनं मानला.

लेथ बंद पडला होता आणि पंप येऊन पडत होते. एक दिवस कासाबाईनं येडबाचा हात धरून त्याला शेडमध्ये नेलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "आता सांगायचं. सगळं. एकबी गोष्ट ठिवायची न्हाई." त्यानं सांगितलं. सांगण्यावाचून इलाज नव्हता. शिकवताना तो कुठल्या स्क्रूला काय म्हणतात हे सांगायचा आणि ती त्या स्क्रूवर बोट ठेवून विचारायची, हाच का. त्याचे कान शाबूत होते. खुंटी धातूवर टेकली की आधी किंचाळते, मग धातू मऊ झाला की आवाज उतरतो आणि घुमायला लागतो. तो घुमायला लागला की येडबा म्हणायचा, "आता." ती पाट सरकवायची. दीड वर्षानं तिला "आता" ऐकायची गरज राहिली नाही, तिच्या भाजलेल्या हाताला खुंटीचं मऊ होणं आधीच कळायचं. तरी तो म्हणायचा आणि ती म्हणू द्यायची. दिवसभरात दोघांच्यात तेवढाच शब्द. सांध्याचं नाव येडबाचा सांधाच राहिलं. हात हिचा, नाव त्याचं, आणि डाग तेवढा हिच्या वाट्याला.

त्र्याण्णवची दिवाळी झाली आणि नागनाथअप्पा खुशीत आले. पंपाच्या कंपनीचा साहेब येणार होता. सांधलेली खोकी दुसरीकडं फुटतात, सांध्यात फुटत नाहीत, हे त्याच्या कानावर गेलं होतं. अप्पांनी मानवत-जिंतूरचे मिस्त्री बोलावले, माणिकरावांनी खुर्च्या मांडायला लावल्या. वीसबावीस माणसं शेडमध्ये दाटली. जिनिंगमधल्या बायाही काम टाकून दाराशी उभ्या राहिल्या. साहेबानं स्वतःची दोन तडकलेली खोकी आणली होती. कासाबाईनं त्यातलं एक पाटाला आवळलं, पट्टा चढवला आणि खुंटी तड्यात घातली. आवाज किंचाळला, मग उतरला. "आता," येडबा म्हणाला. पाट सरकायला लागला. दोन बोटं तडा नाहीसा झाला.

साहेब बघत होता. त्यानं विचारलं, "हा धातू पेटतो. तुम्ही काय काळजी घेता?"

"वाळू ठिवतो," येडबा म्हणाला. "एकडाव चूक झालती."

नागनाथअप्पा हसले. "चूक म्हंजे साहेब, बाईनं पानी वतलं. अडाणी जात. किती सांगितलं तरी डोक्यात शिरतंय व्हय?"

मिस्त्री लोक हसले. साहेबही सभ्यपणे हसला. आणि येडबानं मान हलवली. हो म्हणून. थोडीशीच, पण हलवली.

कासाबाईनं ते बघितलं. तिनं हात वर केला आणि पट्टा उतरवला.

चक दोन वळसे फिरून थांबलं. खुंटी खोक्यात अडकली. शेडमधल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत होतं काय झालं ते. येडबानं तोंड वळवलं.

"पट्टा कामून उतरला? अडकंल त्ये."

"अडकलं."

"चढव की मंग."

"आदी सांगा," कासाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अप्पा म्हनायलेत किती सांगितलं. तुमी मान हालवली, म्या बघितली. तर सांगा सायबाला. मला वाळूचं कोन सांगितलं व्हतं? कवा सांगितलं व्हतं?"

"कासाबाई, अगं पाव्हण्यापुढं खामखा..." अप्पा म्हणाले.

"तुमी थांबा अप्पा. कागद तुमी वाचला, मला न्हाई सांगितला. चालंल. मी तुमची कोन न्हाई. ह्यांची हाय."

 येडबाचे हात मांडीवर होते, ते त्यानं एकदा उघडले आणि पुन्हा मिटले. दाराशी उभ्या बायांत कमलबाई होती, ती एकटीच येडबाकडं न बघता कासाबाईकडं बघत होती.

"सांगा," कासाबाई म्हणाली. "मला वेळ हाय. सहा वर्सं थांबले."

 येडबा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "कोनी न्हाई सांगितलं."

"मोठ्यानं."

"कोनीच न्हाई सांगितलं तिला. तिनं इचारलं व्हतं. पिप्यात वाळू कशाला म्हनून इचारलं व्हतं. म्या म्हनलं, तुला काय करायचंय." पुढचं त्यानंच जोडलं. "म्हनलं भाकर ठिव अन् जा."

एवढंच. कासाबाई उभी राहिली. सहा वर्षं तिनं ह्या वाक्याची वाट बघितली होती, ते आलं की छातीवरचा धोंडा उतरेल असं तिला वाटायचं. धोंडा काही उतरला नाही. उलट ते वाक्य इतकं लहान निघालं म्हणून तिला नव्यानं संताप आला. एवढंसं होतं, तर सहा वर्षं कशाला लागली? भिवराबाई छाती पिटत होती तेव्हा हे चार शब्द कुठं होते? हौदावर बाया कुजबुजत होत्या तेव्हा? सांगायचं त्या दिवशी सांगितलं असतं तर डोळे राहिले असते, आणि नंतर केव्हाही सांगितलं असतं तर तिचं नाव राहिलं असतं. दोन्ही वेळा हा माणूस तोंड मिटून बसला आणि दोन्ही वेळा भोगलं मात्र तिनं.

तिनं बोल्ट सैल केले. खुंटीसकट खोकं काढलं आणि साहेबाच्या हातात दिलं.

"मदीच थांबवलं की असं व्हतंय," ती म्हणाली. "ह्ये घिऊन जा, दाखवायला. आता दुसरं द्या, पुरं करून दाखवते."

दुसरं खोकं तिनं नवी खुंटी लावून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सांधलं. येडबा त्या वेळी "आता" म्हणाला नाही. साहेबानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि तिचं नाव विचारलं. ते तिनं स्वतः सांगितलं, अप्पांना सांगू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं काम सुरू करण्याआधी जिनिंगमधल्या सगळ्या बायांना शेडमध्ये बोलावलं. चिमूटभर पांढरा चुरा बाहेर मोकळ्या जागेत विटेवर ठेवला, पेटवला आणि वर वाळू टाकून दाखवली. ह्याच्यावर पाणी नाही, वाळू, असं तिनं एकेकीकडून म्हणवून घेतलं. मुकादम कुरकुरला, तिनं त्यालाही म्हणायला लावलं. कमलबाईही तसं म्हणाली, आणि मग पिपा हलवून वाळू कोरडी आहे का ते हातानं चाचपून बघितलं.

भिवराबाई त्या दिवसांत त्यांच्याकडंच होती. शेडमध्ये काय झालं ते तिच्या कानावर गेलं होतं, पण ती काही बोलली नव्हती. दोन दिवसांनी कासाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, येडबा अजून शेडमध्येच होता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "त्यानं खरंच तुला सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"तू इचारलं व्हतं?"

"व्हय आत्याबाई."

भिवराबाई हातातल्या काकणाशी चाळा करत राहिली. कासाबाई वाट बघत होती, ही आता लेकाची बाजू घेईल म्हणून, आणि काय बोलायचं ते तिनं मनात ठरवूनही ठेवलं होतं.

"मलाबी तुज्या सासऱ्यानं कदी काई सांगितलं न्हाई," म्हातारी म्हणाली. "तू घागर उचलली त्या दिशी वाडीला आग लावायला कोन गेलतं, त्येबी न्हाई सांगितलं. म्या इचारलंच न्हाई."

कासाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तवा तापून धुरायला लागला, तेव्हा तिनं ती त्याच्यावर टाकली.